साबण मुरवणारी मांडणी

मित्रांनो, मी एक जुनी मांडणी आहे. भांड्यांची नाही आणि पुस्तकांचीही नाही. मी साबणाची मांडणी आहे. माझ्या अंगावर साबणाच्या वड्या झोपतात आणि झोपेतच शहाण्या होतात. हसू नका. माझे सगळे आयुष्य एवढ्यात आले.

सुताराने मला एका मोडक्या होडीच्या फळ्यांपासून बनवले. त्यामुळे अजूनही डुलकी लागली की मला वाटते, खालून पाणी वाहते आहे आणि मी हळूहळू कुठेतरी चालले आहे. जागी होते तेव्हा मी तिथेच असते. दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत, भिंतीला पाठ लावून उभी.

ज्या बाईसाठी मला बनवले तिला सगळी गल्ली आत्या म्हणायची. ती खरी आत्या एकाचीच, तिच्या भाच्याची. पण त्याने लहानपणी दुकानात बसून इतक्या हाका मारल्या की तेच तिचे नाव पडले. आत्या तेल आणि खाराचे पाणी एकत्र घोटायची आणि साच्यात ओतायची. दुसऱ्या दिवशी तारकाकू साच्यात घट्ट झालेल्या लादीच्या वड्या कापायची. काकू साबण तारेने कापायची म्हणून तारकाकू. तिची तार आणि तिची जीभ, दोन्हींना सारखीच धार होती.

मग वड्या माझ्याकडे यायच्या. माझ्या फळ्यांमध्ये बोटभर फटी आहेत, त्यांतून वारा फिरतो. त्या वाऱ्यात वड्या दीड महिना पडून राहायच्या. कारण मित्रांनो, खार म्हणजे कातडी जाळणारी चीज. तेलाच्या संगतीत तो हळूहळू निवतो, पण त्याला वेळ लागतो. ताजी वडी दिसायला मोठी देखणी असते. चकचकीत, गुबगुबीत, रंगाने ठसठशीत. पण अंगाला चावते. मुरलेली वडी आक्रसते, फिकी पडते, तिच्या अंगावर पांढुरकी भुकटी धरते. ती लहान बाळाच्या गालालाही दुखवत नाही.

वडी मुरली की नाही हे आत्या कसे ओळखायची? जिभेचे टोक वडीला लावायची. चटका बसला तर वडी परत माझ्याकडे. चटका बसला नाही तर दुकानात. जगाला देण्याआधी आपल्या जिभेला. हा तिचा नियम होता. तुम्ही मात्र घरी हा उद्योग करू नका, ती जीभ सरावलेली होती.

दुपारी खोलीचे दार लोटलेले असायचे. वड्या श्वास सोडायच्या. मला वाटायचे, त्या स्वप्ने बघत आहेत. कुणी पीठ मळलेल्या हातांचे, कुणी चिखलात खेळून आलेल्या गुडघ्यांचे. आणि मी माझ्या होडीचे.

एक दिवस गल्लीच्या टोकाला सिनेमाचे चित्रीकरण होते. त्यातली नटी हाताचा रंग निघेना म्हणून दुकानात आली. तिला सगळे जग ओळखत होते. आत्या ओळखत नव्हती. तिने मुरलेली वडी पुढे केली. रंग निघाला. नटी वास घेत घेत आतल्या खोलीत आली आणि माझ्या खांबाला टेकून उभी राहिली.

"किती शांत आहे हो इथे! इथे कुणी बोलत नाही का?"

"बोलते ना मी," तारकाकू म्हणाली. "ऐकायला साबण आहेत. बिचारे पळून जात नाहीत."

नटी खळखळून हसली. तिने माझ्याबरोबर फोटो काढला आणि तो जगाला दाखवून लिहिले, 'आजवर वापरलेला सगळ्यात छान साबण.'

दुसऱ्या दिवशी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. लोक साबण घ्यायचे आणि माझ्या त्याच खांबाला टेकून फोटो काढायचे. खोटे कशाला बोलू, मला गोड वाटले. मीही फुगले. यातल्या कुणालाही साबण नको होता. नटी जिथे टेकली तिथे टेकायचे होते. हे मला तेव्हा कळायला हवे होते.

भाचा हरखला. चार नव्या बाया कामावर आल्या. ज्या घरांत कधी पगार आला नव्हता तिथे तो येऊ लागला. पण साबण पुरेना.

"आत्या, दीड महिना कोण थांबतं गं आजकाल?" भाचा म्हणाला. "लोक दीड मिनिट थांबत नाहीत."

"लोक नसतील थांबत. खार थांबायला लावतो."

"थोडं लवकर पाठवू. काही होत नाही. आणि नाही म्हटलंस तर या बायांना तूच सांग, उद्यापासून येऊ नका म्हणून."

आत्याने त्या चौघींकडे पाहिले. त्या मान खाली घालून वड्या कापत होत्या. ती काहीच बोलली नाही. तिच्या आयुष्यातले ते सगळ्यात महागडे मौन.

खोकी बांधायला जागा हवी होती, म्हणून माझी उचलबांगडी झाली. परसात, उघड्या आभाळाखाली. जिच्याबरोबर कालपर्यंत फोटो काढत होते तिच्यावर आता ओले फडके वाळत होते. लोकांचे प्रेम असेच असते. माझ्या खालच्या फळीवर मांजर व्याली. तिची पिल्ले माझ्यावर झोपायची. तेवढीच माझी नोकरी.

आणि मग भाच्याने ती चूक केली. नटीचे आभार मानायला त्याने एक टोपली सजवली. तिला सगळ्यात सुंदर वड्या द्यायच्या म्हणून एकेक वडी निवडून घेतली. चकचकीत, गुबगुबीत, ठसठशीत रंगाच्या. मी खिडकीतून बघत होते. म्हणजे सगळ्या दुकानातल्या सगळ्यात कच्च्या वड्या त्याने प्रेमाने शोधून काढल्या आणि रेशमी फीत बांधून तिच्याकडे पाठवल्या. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

नटीने तोंड धुतले. तिचे गाल भाजल्यासारखे लाल झाले. ते लाल गाल दाखवून ती जगाला म्हणाली, "माझ्या चेहऱ्याची आग झाली आहे. हा साबण कुणीही घेऊ नका."

ते खरे होते. मी तिला दोष देत नाही. भाजलेला माणूस ओरडणारच. पण त्यानंतर जे ओरडले, त्यांचे काय भाजले होते?

ज्यांनी हा साबण कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, त्यांचीही कातडी जळू लागली. बहिष्कार टाकायचा म्हणून लोकांनी साबण विकत घेतला, मित्रांनो! विकत घेऊन रस्त्यावर आपटला. काहींनी जाळायला काड्या ओढल्या. साबण जळेना. पायाखाली तुडवला तर तुडवणारेच घसरले आणि त्याचाही राग त्यांनी आमच्यावर काढला. दुकानाची काच फुटली. त्या चार बायांना अनोळखी माणसे फोन करून नको नको ते बोलली. एक गृहस्थ तर मोबाईलसमोर वडी फेकून 'यांना देशोधडीला लावा' असे गरजला. तो परसाच्या कुंपणापासून हातभर अंतरावर होता. सकाळी त्याच साबणाने अंघोळ करून आला होता. मला वास कळतो. वासाला खोटे बोलता येत नाही.

भित्रे होते सगळे. एकटा असताना त्यांतला कुणी आत्याच्या डोळ्याला डोळा देऊ शकला नसता.

भाचा पांढराफटक पडला. तो आत्याला घेऊन परसात आला.

"आत्या, आपण म्हणू की त्या वड्या नकली होत्या. कुणीतरी आपल्या नावावर खपवल्या. नाहीतर म्हणू, नटीला कुणीतरी फूस लावली. तिच्यावर खार खाऊन असलेलेही हजारो आहेत. ते आपल्या बाजूने भांडतील."

आत्याने त्या टोपलीच्या वेळची उरलेली वडी मागितली. जिभेला लावली. तिचा चेहरा आंबट झाला. मग तिने वडी भाच्यापुढे धरली.

"लाव."

त्याने लावली. डोळ्यांत पाणी आले.

"काय लागलं?"

"चटका."

"मग नकली कशी? आपलीच आहे की."

भाचा मान खाली घालून म्हणाला, "चूक माझी आहे, आत्या."

"तू पाठवलास. मी गप्प बसले. दुकान माझं आहे."

तिने त्याच्या मोबाईलसमोर उभे राहून सांगितले, "साबण कच्चा गेला. चूक माझी. ज्यांच्याकडे असेल त्यांनी परत द्या, वापरू नका." झाले एवढेच. चिडलेले आणखी चिडले, कारण कबूल करणाऱ्याला मारणे सोपे असते. आणि आमच्या बाजूने भांडायला निघालेले निराश होऊन परत गेले. त्यांना न्याय नको होता, नुसते भांडण हवे होते.

चौघी बाया घरी गेल्या. दुकानाचे दार अर्धे ओढलेले राहू लागले. खोकीच्या खोकी साबण परत आला.

"फेकून देऊ," भाचा म्हणाला.

"का? गुन्हेगार आहे का तो? कच्चा आहे." आत्याने परसात येऊन माझ्या खांबावरून हात फिरवला. "हिला आत घ्या. मांजरीला पिल्लांसाठी एखादी टोपली द्या. हा साबण मुरला तर दुकान चालेल. नाही मुरला तर मी कुलूप लावीन. ज्याने लोकांची कातडी जाळली त्या हाताने मी पुन्हा साबण घोटणार नाही."

मी पुन्हा अंधाऱ्या खोलीत आले. शिव्या खाऊन आलेल्या वड्या माझ्या अंगावर मांडल्या गेल्या. काही चेपलेल्या, काहींवर बुटाचे ठसे. पहिले काही दिवस त्या झोपेत कण्हत होत्या असे मला वाटले. मग वारा फटींतून फिरू लागला. भिंतीवरचा उजेडाचा पट्टा रोज थोडा सरकायचा. खालून पाणी वाहू लागले. मी वड्यांना घेऊन चालले होते. लांब, हळू, कुठल्याही गोंगाटाच्या पलीकडे.

बाहेरचे जग तोवर आम्हाला विसरले होते. त्याला दुसरे काहीतरी सापडले होते. नटी जगाला म्हणाली होती, "माझे गाल बरे झाले, त्यांनी चूक मान्य केली, आता पुरे करा." लगेच तेच लोक तिच्यावर उलटले. किती घेतलेस, कुणाला विकली गेलीस? तिची चित्रे फाडली. तिचा सिनेमा बघायचा नाही असे ठरले. ज्या लाटेवर ती बसली होती ती तिची कधीच नव्हती.

वड्या आक्रसल्या, फिकुटल्या, पांढुरल्या. एका दुपारी आत्या, भाचा आणि तारकाकू माझ्यापुढे उभे राहिले. आत्याने बुटाचा ठसा असलेली वडी उचलली. तेवढ्यात अर्ध्या दारातून कुणीतरी वाकून आत आले. तोंडाला ओढणी गुंडाळलेली होती.

"या बाईसाहेब," तारकाकू म्हणाली. तिने डोळ्यांवरूनच ओळखले. "आज फोटो की आग?"

नटीने हात पुढे केले. कोपरापर्यंत काळी शाई. कुणीतरी रस्त्यात फेकली होती.

"काकू, हात धुवायचेत. कशानेच निघत नाहीये. आणि दुसरीकडे कुठे जाऊ, सुचेना."

तारकाकूची तार त्या दिवशी पहिल्यांदा सैल पडली. "अगं बाई," ती एवढेच म्हणाली.

आत्याने वडी जिभेला लावली आणि डोळे मिटले. भाच्याने श्वास रोखला. मीही रोखला असता.

"काहीच लागत नाही," आत्या हळूच म्हणाली. "काहीच नाही रे."

नटीने वडी मागून घेतली आणि स्वतःच्या जिभेला लावली. मग हात धुतले. काळा फेस वाहून गेला, मागून पांढरा आला. थोडा वेळ ती वडीकडे बघत राहिली आणि ओढणी काढून तोंडही धुतले. आम्ही सगळे तिच्या गालांकडे बघत होतो. गाल ओले झाले, एवढेच.

"सांगू का सगळ्यांना?" तिने मोबाईल काढला.

"नको गं माझे आई!" तारकाकू ओरडली. "तुझं सांगणं आम्हाला दोन्ही वेळा महागात पडलं."

आत्या हसली. किती दिवसांनी हसली! नटीने मोबाईल ठेवून दिला आणि पुन्हा माझ्या खांबाला टेकली. या वेळी फोटो निघाला नाही. म्हणून ही गोष्ट जगाला ठाऊक नाही. फक्त आम्हाला ठाऊक आहे, आणि आता तुम्हाला.

दुसऱ्या दिवशी दुकानाचे दार पुरते उघडले. गर्दी आली नाही. शेजारची एक आजी आली आणि एक वडी घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात त्या चौघींपैकी एक परत आली. आता प्रत्येक लादीची वडी भाचा आधी स्वतःच्या जिभेला लावतो आणि तोंड वाकडे करतो.

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला गोड बोलता येत नाही. राग हा खारच आहे. खाराशिवाय साबण होत नाही आणि रागाशिवाय जगातली घाण निघत नाही. पण तुमच्या हातात दुसऱ्याच्या रागाची ताजी, चकचकीत वडी कुणी ठेवली, तर ती लगेच कुणाच्या तोंडावर चोळू नका. आधी माझ्यासारख्या एखाद्या फळीवर ठेवा. वारा लागू द्या. मग स्वतःच्या जिभेला लावून बघा.

चटका बसला, तर अजून मुरू द्या.