बंद करायचं पुस्तक

हेलन ब्रॉडी आयोवातल्या लहानशा गावातून न्यूयॉर्कला आली ती टायपिस्ट म्हणून. लेखकांना नकाराची पत्रं टाइप करता करता ती त्यांची हस्तलिखितंही वाचू लागली आणि एका नकारावर साहेबांशी चक्क भांडली. ते पुस्तक छापलं, खपलं, आणि बाईंना संपादकाची खुर्ची मिळाली. पुढे नवरा मागे राहिला, हेलन वर चढत गेली. सत्त्याऐंशीत मालक कार्व्हरने तिला आपल्या लंडनच्या प्रकाशनगृहाची प्रमुख करून पाठवलं.

तिथे सुमेधा या तरुण मराठी संपादिकेला नोकरी दिली ती हेलननेच. इंग्रजीशेजारी मराठी किंवा बंगाली छापलेली मुलांची पुस्तकं काढायची, ही सुमेधाची कल्पना, आणि ती उचलून धरली हेलनने. पण एक्क्याण्णव साल मंदीचं. कार्व्हर न्यूयॉर्कहून स्वतः आला आणि म्हणाला, ही दोन भाषांची भानगड बंद. सगळ्या विक्रेत्यांसमोर जाहीर कर. भानगड गेली की सुमेधाही जाणार, हे उघडच होतं.

वर्षाची मोठी बैठक ब्रिस्टलच्या एका हॉटेलात होती. देशभरचे पुस्तकविक्रेते तिथे नवी मुखपृष्ठं बघून बसल्या जागी ऑर्डर देत. सुमेधाचं माहेर ब्रिस्टलचंच, म्हणून तिच्या तान्ह्या लेकीला घेऊन तिची आई, सुप्रभाताई, शेवटच्या रांगेत बसल्या होत्या.

“आज माझं पुस्तक मारणार आहेत, आई.”

“मग बघायला कशाला थांबायचं? घरी चल, वरणभात लावते.”

“हेलन म्हणाली, मागच्या दाराने जायचं नाही.”

“तुझी ही बाई तुझ्या बाबांसारखीच हट्टी दिसते. तेही हॉस्पिटलात आपल्या वरच्या डॉक्टरांशी असेच वाद घालतात.”

हेलन माइकपाशी गेली. तिने सुमेधाच्या मराठी-इंग्रजी पुस्तकाचं मुखपृष्ठ उंच धरलं: डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर काचेला नाक लावून बसलेली एक मुलगी.

“हे पुस्तक बंद झाल्याचं तुम्हाला सांग, असा मला हुकूम आहे,” ती म्हणाली. “मी सांगणार नाही. बोला, कोणाला किती हवीत?”

एडिनबराचा म्हातारा दुकानदार खाकरला. “माझ्याकडे मराठी वाचणारे चार जण येतील, बाई.”

“चार त्यांना द्या. बाकीची पोरं इंग्रजी वाचतील आणि शेजारच्या अक्षरांवर बोट ठेवून विचारतील, हे काय लिहिलंय? मी त्या बोटासाठीच छापतेय.”

लोक हसले. म्हाताऱ्याने हात वर केला. “पन्नास लिहा.” मग केंब्रिजवालीचा हात वर गेला, आणि मग मोजत बसायची गरजच राहिली नाही.

कार्व्हर उठून तिच्याजवळ आला. “संध्याकाळपर्यंत ऑफिस रिकामं कर, हेलन.”

“करते. पण या ऑर्डरी घेऊन शब्द कंपनीने दिलाय. मोडायचा तर हा घे माइक, तूच सांग यांना.”

कार्व्हरने समोर पाहिलं. दुकानदार वाट बघत होते. तो जागेवर जाऊन बसला.

सुमेधा धावत पुढे आली. “हेलन, तुमची नोकरी...”

“गेली. रडायचं असेल तर जेवणाच्या सुट्टीत रड. आता इथे उभी राहा. पुस्तक तुझं, पुढचं तू सांग.”

तेवढ्यात मागे तान्हीने भोकाड पसरलं. सुप्रभाताई तिला खांद्यावर टाकून थोपटू लागल्या. सुमेधाला पान्हा फुटला, पाय मागे वळू पाहत होते. तिने माइक आणखी जवळ ओढला आणि पोरीच्या आवाजावर आवाज चढवून पहिलं पान मराठीतून वाचायला घेतलं.