झोपमोड

रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो, असे आपण सहज म्हणतो. पण ते अर्धेच खरे आहे. दिवसाची झोप एकट्याला घेता येत नाही. ती घरातल्या सर्वांना मिळून सांभाळावी लागते.

पावाच्या भट्टीवर काम करणाऱ्या या माणसाची झोप त्याच्या बायकोने आणि मुलीने सांभाळली होती. खोली एकच, मध्ये पडदा. नळाच्या तोंडाला फडक्याची पट्टी बांधलेली, म्हणजे पाणी आवाज न करता बादलीत उतरे. मुलीने शाळेच्या कविता नुसते ओठ हलवून पाठ केल्या. तिची चाल इतकी हलकी झाली, की बाप तिला मनी म्हणू लागला. मांजरीसारखी येते आणि मांजरीसारखी जाते म्हणून. बाप उठे तेव्हा ती अभ्यासात असे, आणि ती झोपे तेव्हा तो भट्टीवर. दोघांत भांडण असे कधी झालेच नाही, आणि त्याचे कौतुक करण्यासारखेही काही नव्हते. भांडायलासुद्धा दोन माणसे एकाच वेळी जागी असावी लागतात.

आता ती परदेशी निघाली होती. तिथल्या एका वृद्धाश्रमात शुश्रूषेचे काम, तीन वर्षांचा करार. निघायच्या आदल्या दिवशी बापलेकीने समुद्रावर जाऊन यावे, ही कल्पना आईची. सहलींचा हंगाम संपल्यावर एक बस अगदी स्वस्तात किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावी नेऊन संध्याकाळी परत आणीत असे.

"मी नाही येत," आई म्हणाली. "माझं तोंड ती रोज बघते. तुम्ही जा दोघं, जरा ओळख करून घ्या एकमेकांची."

मुलीने कोणाला सांगितले नव्हते, पण तिला जायचे नव्हते. आईला सांगावे, तर ती ऐकण्याआधीच रडू लागली असती. म्हणून तिने मनाशी ठरवले होते, की आज बाबांना सांगायचे. ते जा म्हणाले तर जायचे, राहा म्हणाले तर राहायचे. बाप घरात इतके कमी बोले, की त्याचा शब्द आजवर कोणी मोडला नव्हता.

बापानेही आपल्या परीने तयारी केली होती. दिवसभर जागे राहता यावे म्हणून त्याने आदल्या रात्री रजा घेतली आणि चारचौघांसारखा अंधार पडताच आडवा झाला. पण वर्षानुवर्षे रात्री राबलेले शरीर एका रजेने फसत नाही.

"डोळे लाल दिसताहेत, बाबा," बसमध्ये मुलगी म्हणाली. "झोपला होतात ना?"

"घोरत होतो की! आईला विचार."

"आई म्हणाली, रात्रभर पंख्याकडे बघत होतात."

"तुझ्या आईला झोपेतही दिसतं. आपल्यालाच दिसत नाही, ती झोपते कधी ते."

गावात फारशी जाग नव्हती. खाणावळींच्या पाट्यांवर प्लास्टिक बांधलेले, खुर्च्या एकात एक रचून साखळीने जखडलेल्या, होड्या वाळूत पालथ्या. पाणी दूर, राखाडी रेघेसारखे. चहाची एकच टपरी उघडी होती.

"हंगाम संपल्यावर आलात होय?" चहावाली म्हणाली. "ओहोटी आहे आत्ता. पाणी लांब गेलंय."

"स्वस्तातली सहल आहे, बाई," बाप म्हणाला. "पाण्याचे वेगळे पडत असतील."

चहावाली मोठ्याने हसली. मुलगी चपापली. आपले बाबा विनोदी आहेत, हे तिला आजच कळत होते.

किनाऱ्याच्या कठड्याशी एक बाक होता, त्यावर दोघे बसले. काही वेळाने बापाने पाण्याकडे पाहतच विचारले, "मने, एक विचारू? तुला मनापासून जायचंय ना? की आमच्या भरीला पडून चाललीयेस?"

जे कसे काढावे याचा ती महिनाभर विचार करीत होती, ते त्याने आपणहून काढले होते. ती उठून उभी राहिली.

"सांगते. पण लांबण आहे जरा. चहा आणते, मग निवांत बसून सांगते."

याला चूक म्हणणे मला तरी अन्यायाचे वाटते. डोळे कोरडे करायला माणसाला दोन क्षण हवे असतात, आणि तिने ते मागून घेतले. पण वाऱ्याने टपरीवरचा स्टोव्ह पेटेना. ती दोन पेले घेऊन परतली, तेव्हा बापाची हनुवटी छातीला टेकली होती.

तिने आवाज न करता पेले बाकावर ठेवले. एवढ्यात उठतील, असे तिला वाटले. चहावर साय धरली. ऊन तोंडावर येऊ लागले, तेव्हा तिने छत्री उघडली. खटका वाजू नये म्हणून तो अंगठ्याने दाबून. मग ती सावली धरून उभी राहिली.

चहावाली पेले न्यायला आली. "अगं, उठव की त्यांना! समुद्र बघायला आणलंयस की झोपायला?"

मुलीने ओठांवर बोट ठेवले. "आज रात्री पाळी आहे त्यांची."

"मग? एक दिवस नाही झोपला तर माणूस मरत नाही. आमच्या ह्यांना तर मी..."

"हळू, मावशी. हळू बोला ना."

चहावालीने पेले उचलले. परत जाताना ती चवड्यांवर चालत गेली. का, ते तिलाही सांगता आले नसते.

मुलीने एकदा त्याच्या खांद्यापर्यंत हात नेला. "बाबा," ती म्हणाली. पण नुसत्या ओठांनी. बाप झोपलेला असताना दुसरा आवाज तिने कधी वापरलाच नव्हता. दुपारी भरती आली. पाणी कठड्यापर्यंत चढले, दगडांवर आदळले, आणि पुन्हा मागे फिरू लागले. त्यातले बापाने काही पाहिले नाही.

बसच्या भोंग्याने तो दचकून उठला.

"किती वेळ झोपलो?"

"थोडाच."

"खोटं नको बोलूस. ऊन त्या बाजूला होतं." त्याचा आवाज चढला. "उठवलं का नाहीस मला? एवढ्यासाठी आलो होतो का आपण?"

"तुम्हाला कुणी कधी उठवलंय का, बाबा?"

तो बसकडे चालू लागला. बस गावाबाहेर पडल्यावर म्हणाला, "काय सांगणार होतीस तू? लांबण आहे म्हणालीस."

तिने त्याच्याकडे पाहिले. तो इतका ओशाळला होता, की त्या घटकेला तिने जे मागितले असते ते त्याने दिले असते. आणि नेमके म्हणूनच तिला मागवेना. तिला त्याचा विचार हवा होता. भरपाई नको होती.

"काही नाही. हो म्हणणार होते. मनापासून जायचंय."

"बरं झालं," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "बरं झालं."

भट्टीच्या कोपऱ्यावर तो उतरला. "उद्या निघताना उठव मला. हलवून उठव."

"उठवीन."

दुसऱ्या दुपारी दाराशी बॅग तयार होती. पडद्यामागे संथ श्वास चालला होता.

"जा, उठव," आई कुजबुजली. "नाहीतर जन्मभर मला बोल लावतील."

"ते उठले तर मी जाणार नाही, आई."

आईने तिच्याकडे पाहिले. तिला काय समजायचे ते समजले. ती पडद्यापाशी गेली आणि तिने पडद्याला हात घातला. आत त्याने कूस बदलली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तिचा हात आपोआप मागे आला. ती तशीच उभी राहिली. मग परतली आणि खाली वाकून तिने बॅगेची एक बाजू धरली. मुलीने दुसरी धरली.

बॅगेला चाके होती. गल्लीच्या टोकापर्यंत दोघींनी ती जमिनीला टेकू दिली नाही.