मुलीच्या वतीने कोण?

ड्रायव्हर शेवटच्या बाकावर अंग चोरून बसला होता. कंपनीच्या साहेबांना कोर्टात सोडायचं आणि गाडीत थांबायचं, एवढंच त्याचं काम. पण आज त्याचे पाय गाडीत ठरेनात. पुढं वकीलबाईंच्या शेजारी त्याचीच लेक बसली होती. सगळे तिला भिंगरी म्हणत.

कंपनीच्या नव्या कोळशाच्या भट्टीविरुद्ध तिनं दावा लावला होता. उन्हाळ्यात शाळेचे पत्रे आताच असे तापतात की पोरं भोवळ येऊन पडतात. आणखी धूर सोडून उष्मा वाढवलात तर आम्ही मोठं व्हायचं कुठं, असं तिचं सरळ म्हणणं.

दाव्यावर मोठ्या माणसाची सही लागत होती, त्यासाठी ती आधी बापाकडेच आली होती. "बाई गं, ज्यांची गाडी चालवतो त्यांच्यावरच फिर्याद? चूल विझेल आपली!" म्हणून त्यानं हात झटकले. सही केली आत्यानं. आणि आज ऐन वेळी आत्याचा फोन, "माझ्याच्यानं निभणार नाही." परवाच तिच्या नवऱ्याला कंपनीनं कामावर घेतलं होतं.

"मुलगी अल्पवयीन आहे," न्यायाधीश म्हणाले. "तिच्या वतीने कुणी मोठं उभं राहिलं नाही, तर दावा आज इथंच संपेल."

वकीलबाईंनी मुदत मागितली. मिळाली नाही.

"बाळ, नात्यातलं कुणी आलंय का?" न्यायाधीशांनी भिंगरीला विचारलं.

बाप मागे बसलाय हे भिंगरीला पक्कं ठाऊक होतं. तिनं मान वळवली नाही.

"कुणी नाही, साहेब."

ड्रायव्हरनं ते ऐकलं. देवा, लेकरानं बापाला पाठीशी घालावं, आणि तेही स्वतःचा दावा बुडवून! पुढचा बाक धरून तो उठला.

कंपनीच्या साहेबांनी वळून पाहिलं. "काय रे? गाडी आडवी आली का कुणाला?"

"नाही साहेब. मी... मी हिचा बाप."

साहेबांचा चेहरा उतरला.

"इतका वेळ गप्प का होता?" न्यायाधीशांनी विचारलं.

"भ्यालो होतो."

"आणि आता?"

"आता तर जास्तच भितोय. सही कुठं करू?"

कारकुनानं कागद पुढं सरकवला. त्यानं घाईघाईनं पेन उचललं. भिंगरी त्याच्या कोपराला टेकून उभी राहिली. डोळे भरलेले, पण आवाज दटावणीचा.

"सावकाश कर, बाबा. घाईत केलेली तुझी सही कुणाला वाचता येत नाही."