नारपोलीतला व्हायोलिनचा क्लास

सुगत मास्तरांचा व्हायोलिनचा क्लास नारपोलीत चंद्राशेठच्या कापड कारखान्याच्या वरच्या खोलीत भरायचा. खाली चोवीस लूम, वर बारा व्हायोलिन. त्यात कोणाचं ऐकू येत असेल हे सांगायला नको. मास्तर एकोणीस वर्षं तिथे शिकवत होते आणि सगळं शिकवणं खुणांनी चालायचं. बोट खाली म्हणजे बो, व्हायोलिनचा गज, खाली, मूठ म्हणजे थांबा, आणि फारच महत्त्वाचं असलं तर फळ्यावर खडूने.

शुक्रवारी लूम बंद. पण शुक्रवारी क्लासही बंद, कारण त्या दिवशी मास्तर कलावंत असत. कुमारच्या ऑर्केस्ट्रात, स्टेजच्या उजव्या टोकाला, जांभळं जाकीट घालून ते हळदीला वाजवत, जयंतीला वाजवत, राहनाळच्या गोदामांच्या उद्घाटनालाही वाजवत. व्हिजिटिंग कार्डावर 'वादक व गुरू' असं सारख्याच आकाराच्या अक्षरांत छापलेलं होतं.

मास्तरांच्या वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी ठाण्याच्या एका मोठ्या संगीत संस्थेत व्हायोलिन शिक्षकाची जागा निघाली. जागा कायम होती. कायम हा शब्द मास्तरांच्या घरात तोवर फक्त दम्याच्या बाबतीत वापरला गेला होता. संस्थेच्या सुकन्याबाई गुरुवारी चार वाजता येऊन क्लास बघणार होत्या आणि हो की नाही ते तिथल्या तिथे सांगणार होत्या.

"शेठला म्हणावं, तासभर लूम बंद ठेव," जाकिटाला इस्त्री करताना वनिता म्हणाली.

"अगं, लूम काय पंखा आहे बंद करायला? आणि पोरांची सवय मोडेल."

बायकोचं न ऐकणं हीसुद्धा मास्तरांची एकोणीस वर्षांची साधना होती.

सुकन्याबाई जिना चढून आल्या तेव्हा केसांत कापसाचे तंतू होते आणि चेहऱ्यावर रस्ता चुकल्याचा भाव. त्यांनी काहीतरी विचारलं. मास्तरांनी काहीतरी उत्तर दिलं. दोघांनी माना डोलावल्या. मग मास्तरांनी बोट खाली केलं आणि बाराच्या बारा बो एकदम निघाले. मनगटं मोकळी, कोपरं एका रेषेत, बो तारांवर काटकोनात. सुकन्याबाईंनी पेन खाली ठेवलं. आता झालीच नोकरी, असं मास्तरांच्या मनात आलं.

तेवढ्यात गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला.

लूम एकामागून एक धापा टाकत थांबले. शेवटचा थांबला आणि खोलीत अशी शांतता आली की मास्तरांना स्वतःच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. ते घड्याळ टिकटिक करतं हेच त्यांना माहीत नव्हतं. समोर बारा बो खाली जात होते, वर येत होते. आवाज एका व्हायोलिनचा येत होता.

मास्तरांना वाटलं, आपले कान गेले. त्यांनी चुटकी वाजवली. ऐकू आली. म्हणजे कान होते.

वाजत होती ती खिडकीजवळची मेघाली. चार वर्षं मास्तर तिच्यासाठी फळ्यावर एकच शब्द लिहीत आले होते: दाब. तिचंही थांबलं तेव्हा बाकीचे अकरा बो जरा वेळ तसेच चालू राहिले, आणि मग ज्याला त्याला आपापली चूक कळली.

मास्तरांनी पुढे होऊन नवशाचा बो हातात घेतला. नवशा राहनाळचा, गोदामात ड्युटी करून क्लासला येणारा, चोवीस वर्षांचा गडी. मास्तरांनी बोच्या केसांवरून बोट फिरवलं. कोरडे, गुळगुळीत. बोच्या केसांना राळ घासल्याशिवाय तार बोलत नाही. केस नुसते सरकतात. त्यांनी नवशाची पेटी उघडली. राळेची वडी दुकानातल्या कागदासकट तशीच होती. त्यांनी दुसऱ्याची पेटी उघडली, तिसऱ्याची उघडली. अकरा पेट्यांत अकरा वड्या, नव्या कोऱ्या.

"तीन वर्षं?" मास्तरांनी वडी वर धरली. "तीन वर्षं तू नुसता हात हलवतोस, नवशा?"

"मास्तर, वाजवला तरी कोनाला ऐकू येनार होता?" नवशा खालमानेने म्हणाला. "आन राळ लावली का कपरे खराब व्हतान."

"कपडे! अरे, ही कला आहे! मी वीस-वीस हजार माणसांसमोर..."

"तुमी पन तसाच करता ना, मास्तर?"

मास्तरांनी वडी खाली ठेवली.

"म्हणजे?"

नवशाने मेघालीकडे बघितलं. मेघालीने खिडकीकडे बघितलं.

"बोल!"

"हलदीला कुमारदादाच्या वायरी मीच गुंडालतो. मिक्सरवर तुमच्या नावाची पट्टी हाय. तिचा बटन खालीच असतो. व्हायलीन दादा कीबोर्डवरशी वाजवतो." आणि मग मास्तरांना बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, "पन हात तुमचा लय भारी दिसतो. आमी तोच बघून शिकलो."

मास्तर खुर्चीवर बसले. खुर्ची करकरली. सहा वर्षं कुमार प्रत्येक कार्यक्रमानंतर खांद्यावर हात टाकून म्हणायचा, "मास्तर, आज तुम्ही दिसलात!" मास्तरांना ती दाद वाटायची. ती माहिती होती.

उठून त्यांनी स्वतःचं व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. निदान आपल्या बोच्या केसांना राळ आहे, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बो ओढला. फळी करवतावी तसा आवाज आला. पहिल्या ओळीतल्या पोरीने डोळे मिटून घेतले. मास्तरांनी पुन्हा ओढला. पुन्हा करवत.

"मास्तर," मेघाली हळूच म्हणाली, "दाबू नका."

त्यांनी हात सैल सोडला. बो नुसता ठेवल्यासारखा तारेवर ठेवला आणि जाऊ दिला. सा निघाला. बारीक, जरा थरथरता, पण सा. लूमच्या आवाजाच्या वर पोचण्यासाठी हात इतका जड झाला होता की हा सूर त्यांना ओळखीचाच वाटेना. त्यांनी तो बो संपेपर्यंत धरून ठेवला.

"छान," सुकन्याबाई म्हणाल्या. त्या खोलीत आहेत हे मास्तर विसरूनच गेले होते. "तुमची निवड झाली."

मास्तरांनी व्हायोलिन खाली घेतलं. "बाई, तुम्ही आत्ता सगळं ऐकलंत ना?"

"ऐकलं की. आमच्या वार्षिक सोहळ्याला चाळीस मुलं स्टेजवर असतात. आवाज रेकॉर्डेड असतो, तो प्रश्न नाही. पण बो! एक वर, एक खाली, एकाचा दुसऱ्याच्या डोळ्यात. पालक व्हिडिओ काढतात हो. असे सरळ बो मी ठाण्यात बघितले नाहीत. एक तारखेपासून या."

हा आजचा तिसरा धक्का होता. नोकरी मिळाली होती. कायम. घरी वनिता पेढे आणून बसली असणार.

"येतो," ते म्हणाले. तेवढं त्यांना नाही म्हणवलं नाही. "पण मला शुक्रवारी सुट्टी लागेल."

"शुक्रवारी? कशासाठी?"

"शिकवायचं आहे."

सुकन्याबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "मग आम्ही तुम्हाला कशासाठी घेतोय?"

"ते तुम्ही आत्ता सांगितलंत की."

बाईंनी वहीत शुक्रवारपुढे काहीतरी लिहिलं आणि जिना उतरून गेल्या. खाली कोणीतरी ओरडलं, "लाइट आ गया!" आणि पहिला लूम खटखटू लागला. दुसरा चालू व्हायच्या आत मास्तर फळ्याशी पोचले. 'दाब' पुसून त्यांनी तिथे लिहिलं: क्लास फक्त शुक्रवारी.

"मंग कुमारदादाचा?" नवशा ओरडला.

"त्याला सांग, बटण खालीच राहू दे!"

अकरा चेहरे त्यांच्याकडे असे बघत होते, जणू परीक्षा कधीच होणार नाही या अटीवरच त्यांनी नाव घातलं होतं. तिसरा लूम सुरू झाला, चौथा झाला. नवशाने पेटीतून राळेची वडी काढली, उलटसुलट करून बघितली आणि मेघालीच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं,

"याचा कागद काराचा, का तसाच घासाचा?"