बोंजुदासची शपथ

लुनेल गावच्या ज्यू वस्तीत बोंजुदासच्या तोंडी कुणी लागत नसे. देवाला शरीर नाही, राग-लोभ नाही, त्याचं मन कधी पालटत नाही, हे तो मासे घेता घेता कोळ्यालाही पटवून देई. लेकीच्या लग्नाच्या पंगतीत नवा जावई भोळेपणाने म्हणाला, "देव वर सिंहासनावर पाय सोडून बसलाय." बोंजुदास ताडकन उठला. "पाय? मग जोडे कोण शिवतं त्याचे?" आणि रागाच्या भरात शपथच घेऊन बसला, की या माणसाचा उंबरा मी ओलांडणार नाही.

आज त्या उंबऱ्याआड नातवाची सुंता होती. बाळाला मांडीवर घ्यायचा मान या आजोबांचा, पण लेकीचा निरोप आला होता, "बाबा आले नाहीत, तर माझे सासरे बसतील."

त्याच्या बायकोला, अस्त्रुगाला, हे मुळीच चालणार नव्हतं. शपथ सोडवायची रीत तशी सोपी. तिघांना बसवायचं, त्यांच्यापुढे 'मला पस्तावा झालाय' म्हणायचं, की मोकळे. तिने सकाळीच खाटीक, रंगारी आणि शेजारचा व्हिदाल यांना पकडून आणलं.

"पस्तावा झालाय ना?" खाटकाने विचारलं.

"पस्तावा हे अपुऱ्या बुद्धीचं लक्षण," बोंजुदास म्हणाला.

"असू दे की अपुरी! मला दुकान उघडायचंय."

अस्त्रुगा पदार्थांची टोपली खाली ठेवत म्हणाली, "अहो, माणूस घडवल्याचा देवालासुद्धा पस्तावा झाला, असं ग्रंथात लिहिलंय ना?"

"अगं, ते तसं घ्यायचं नसतं! देवाला कसला पस्तावा? आपल्याला उमजावं म्हणून ग्रंथ माणसांच्या भाषेत बोलतो."

"हो का? म्हणजे देवाचं बोलणं आपल्यासाठी एवढं खाली उतरतं, आणि तुम्हाला नातवासाठी एक पायरी उतरवत नाही? बोला की तुम्हीही माणसांच्या भाषेत!"

रंगाऱ्याला खोकल्याची उबळ आली. व्हिदालने छताकडे पाहिलं.

बोंजुदासने हात झटकला. "बरं. नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतो हं." त्याने घसा खाकरला. "मला... लेकीला वर्षभर पाहिलं नाही, त्याचा मला पस्तावा..."

पुढचा शब्द बाहेर येईना. अस्त्रुगाने नजर दुसरीकडे वळवली. नवऱ्याला असं बघायची तिला सवय नव्हती.

"सुटली, सुटली, सुटली!" तिघे घाईघाईने ओरडले.

त्यांना दोन अंजीर द्यावेत म्हणून ती वळली, तर बोंजुदास जागेवर नव्हताच. दार सताड उघडं होतं, आणि तो गल्लीतून बोडक्या डोक्याने चालला होता. टोपी घेऊन ती त्याच्यामागे धावली.