बाभळीखालचा दगड

शेळगावच्या शिवारात सिंधुबाईचा दीड एकर ऊस आहे. उसाच्या मावळतीला बांध, बांधावर एक जुनी बाभूळ आणि बाभळीच्या बुडाशी चुना लावलेला हद्दीचा दगड. बांधापलीकडची दोन एकर गेल्याच्या आदल्या दिवाळीत पुण्याच्या एका बाईनं घेतली. नाव स्वराली. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, ते सोडून इथं आली. पत्र्याची एक खोली, पुढं पडवी, बारा कोंबड्या, वांगी-मिरच्यांचे वाफे, आणि राहायला ती एकटीच.

एकटी बाई शेत करते याचं सिंधुबाईला नवल नव्हतं. नवरा मानसिंग गेल्यावर पोरगा नागेश हाताशी येईपर्यंत तिनंही एकटीनंच केलं होतं. तिला खटकायचं ते दुसरंच. दर महिन्याच्या एक तारखेला स्वराली सकाळी बांधाजवळ यायची, ठरलेल्या जागी गोणपाट टाकून बसायची आणि दुपार कलेपर्यंत बाभळीकडं बघत कागदावर रेघा ओढायची.

"येक तारीख चुकवत न्हाय बगा," सून रेश्मा भाकरी थापता थापता म्हणाली. "झाड पगार देतंय वाटतं."

सिंधुबाई हसली नाही. झाडाचं चित्र काढायचं तर एकदा काढून होतं. तेच झाड, त्याच जागेवरून, बारा महिने कोण काढतं? त्यात मार्चच्या एक तारखेला तिनं उसाच्या आडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. बाईनं खोडाला टेपचं टोक लावलं, दगडापर्यंत ओढत नेलं आणि वहीत आकडा लिहिला. मग मान वर करून उसाकडं बघितलं. सिंधुबाई पाचटात तशीच बसून राहिली. पाठीला कुसळं टोचत होती, पण हलली नाही.

गिरणीत दळण टाकताना तिनं ही गोष्ट म्हाताऱ्या दत्तोबांच्या कानावर घातली. दत्तोबांनी पन्नास वर्षांत गावातले सगळे बांध आणि सगळी भांडणं पाहिली होती. त्यांनी डोळे बारीक केले. अशी माणसं आधी गोड बोलतात, मग कागद करतात, मग एक दिवस मोजणी आणतात, आणि सकाळी उठून बघावं तर दगड आपल्या उसात, असं त्यांचं म्हणणं पडलं. रेश्मानं त्यात आणखी भर घातली. ती बाई लोखंडी कढईत बाभळीच्या शेंगा उकळते, वरून गंजके खिळे टाकते आणि ते काळं पाणी बाटल्यांत भरून ठेवते. म्हणे शाई करते. सिंधुबाईचा जन्म मेंढरांत गेलेला. बाभळीची शेंग मेंढरांना घालतात, कातडं कमवायला वापरतात, एवढं तिला ठाऊक होतं. खिळ्यांबरोबर शिजवणारी बाई तिनं पहिल्यांदाच ऐकली.

तो दगड तिच्यासाठी साधा दगड नव्हता. तिच्या सासरच्या सात पिढ्या मेंढरं घेऊन फिरल्या. दुसऱ्याच्या रानात कळप बसवायचा, खताच्या बदल्यात पायली-दोन पायली धान्य घ्यायचं आणि पुढच्या रानाला निघायचं. मानसिंगनं शेवटचा कळप विकून ही जमीन घेतली. दगड रोवला त्या दिवशी पहार निसटून सिंधुबाईच्या पायावर पडली. उजव्या पायाचा अंगठा तेव्हापासून आत वळला तो कायमचाच. ती कण्हत बसली असताना मानसिंगनं खड्ड्यात एक वस्तू टाकली. कळपाच्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली पितळी घंटा. दगड कुणीही सरकवील, पण खाली काय आहे ते बघायला कुणी जात नाही, असं तो म्हणाला होता. ही खूण दोघांतच राहिली. नागेश तेव्हा पाळण्यात होता. पुढं मोठा झाला, बाप गेला, पण सांगायचं राहून गेलं.

आपणच आधी मोजणी मागवू, असं तिनं जेवताना नागेशला सुचवलं. नागेशनं ताटातून मान वर केली नाही.

"कशाला? हाय तसं बरं हाय," तो म्हणाला आणि आमटी वाढायला सांगितली.

बापासारखाच भिडस्त, असं सिंधुबाईनं मनात म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती एकटीच बाभळीखाली गेली. दगडापुढं उकिडवी बसून तिनं तो नीट न्याहाळला. चुन्याच्या पट्ट्याखाली चार बोटं दगड उघडा होता, मातीच्या रंगाचा. जो भाग एवढी वर्षं जमिनीत गाडलेला होता, तो वर आला होता. दगड एकदा उपसला होता, आणि परत रोवताना कुणाला तेवढं खोल जाता आलं नव्हतं.

स्वराली कोंबड्यांची अंडी घेऊन बाजाराला जाते तो दिवस सिंधुबाईनं हेरून ठेवला. भर दुपारी ती पहार आणि खुरपं घेऊन आली, चपला काढल्या, दगड आडवा केला आणि खाली खणलं. कोपरभर खणलं. मग हात घालून माती बोटांनी चाळली. घंटा नव्हती.

तिनं दगड होता तसा उभा केला, पदरानं घाम पुसला आणि थेट पलीकडच्या पडवीत जाऊन बसली. बाई आली की तोंडावर विचारायचं, आणि मग गाव गोळा करायचं, असं ठरवूनच. कोंबड्या भोवती फिरत होत्या. पडवीत सुतळी ताणून तिच्यावर कपडे वाळत घालावेत तसे कागद लटकवले होते. बसून बसून सिंधुबाईची नजर तिकडं गेली.

तिला अक्षरओळख नव्हती. पण दोनशे मेंढरांतून आपलं एक तोंडावरून ओळखणाऱ्या घरातली ती बाई. बाभूळ तिनं लगेच ओळखली. पहिल्या कागदावर थंडीतली, पांढऱ्याफेक काट्यांची. मग चैत्र-वैशाखातली, मण्यांच्या माळेसारख्या राखी शेंगा लोंबणारी. पुढं पावसातली, पिवळ्या फुलांची. रंग झेंडूचा असावा. वादळात मोडलेली खांदीसुद्धा बरोबर त्याच महिन्यापासून गायब होती. खोटं काढलेलं एक पानही सापडेना, म्हणून तिला उगाच राग आला. मग तिनं बुडाकडं पाहिलं.

बाभळीचं एक मूळ गुडघा मोडून बसल्यासारखं वर आलेलं आहे. पहिल्या पाच कागदांवर दगड त्या गुडघ्याच्या उगवतीला होता, उसाच्या बाजूला. सहाव्या कागदावर उगवतीचं एक मूळ तुटलेलं होतं, त्याचा पांढरा गाभाही दाखवला होता, आणि दगड गुडघ्याच्या मावळतीला गेला होता. पुढच्या सगळ्या कागदांवर तो तिथंच.

सिंधुबाई उठून उभी राहिली. दगड हलला होता खरा. पण तो तिच्या उसात आला नव्हता. तो या बाईच्या रानात गेला होता. स्वतःची जमीन कमी करायला दगड कोण हलवतं? तिला गेल्या वैशाखातली नांगरट आठवली, उसाचा जुना खोडवा काढून नव्या लागणीसाठी नागेशनं स्वतःच्या ट्रॅक्टरनं केलेली. आणि ताटातून वर न आलेली त्याची मान आठवली.

सायकलची घंटी वाजली. स्वराली आत आली, पडवीत बसलेली पाहुणी पाहिली, तिच्या मातीनं भरलेल्या हातांकडं पाहिलं आणि आधी अंड्यांची रिकामी पाटी खाली ठेवली.

"तुमी ही चित्रं कशापायी काढता?" सिंधुबाईनं विचारलं. गाव गोळा करण्याचा आवाज आता राहिला नव्हता.

स्वराली सुतळीवरच्या कागदांकडं वळली. "पहिली पाच झाडासाठी काढली, मावशी. पुढची दगडासाठी."

"म्हंजी तुमाला ठावं हुतं."

"मला वाटलं, तुम्हीच सरकवला."

"मग इचारायचं न्हाय?"

"तुम्ही उसाआडून बघत होता. म्हटलं, चोर आहे तोच पहाऱ्यावर बसलाय."

सिंधुबाईला हे लागलं. पण यातलं एक अक्षर तिला खोडता येईना. आपणही हिला तेच म्हणत होतो, तेही गिरणीत, चारचौघांत. तिनं घंटेची गोष्ट सांगितली. मानसिंगनंतर पहिल्यांदाच ती कुणाला सांगत होती, आणि तेही जिच्यापासून लपवायची तिलाच. स्वरालीनं वही उघडली. दर चित्राबरोबर ती झाडाभोवतीची मापंही लिहायची; पाचव्या चित्राच्या दिवशीचा आकडा त्यात होता, खोडापासून दगडापर्यंत चार फूट सात इंच, आणि गुडघ्याच्या मुळापासून किती तेही. दोघी बांधावर गेल्या. एकीनं टेप धरला, दुसरीनं खणलं. नांगराचा फाळ जिथवर गेला होता ती भुसभुशीत माती संपली, खाली घट्ट लागली, आणि त्या घट्ट मातीत खुरपं टणकन वाजलं.

घंटा हिरवी पडली होती. आतला लोळा मातीनं गच्च बसला होता, म्हणून ती वाजत नव्हती. सिंधुबाईनं ती मांडीवर घेतली आणि पदरानं पुसली.

सासूला शोधत आलेल्या रेश्मानं फोन केल्यावर नागेश आला. बांधावर तिघी बायका, मधे खड्डा आणि आईच्या मांडीवर काहीतरी हिरवं, हे पाहून त्याला विचारावं लागलंच नाही. तो स्वतःच बोलू लागला. कडेला ट्रॅक्टर वळत नव्हता, दगड आड येत होता. लागण झाली की परत ठेवणार होता. मग तिथं एक सरी जास्त निघाली, ऊसही जोमानं आला, आणि राहून गेलं. शेवटी त्यानं पलीकडं हात केला. "तितं तर नुसतं गवत हाय, आई."

"आपल्या सात पिढ्यांनी दुसऱ्याच्या रानात रात काढली, नागेश," सिंधुबाई म्हणाली. "सकाळी निघताना कुनी काटकीसुदिक आपली म्हनून उचलली न्हाय. दगड उचल."

नागेशनं दगड उचलला, जुन्या जागी आणला आणि चुन्याच्या पट्ट्यापर्यंत खोल रोवला. घंटा त्याच्या देखत परत खाली गेली. दगडापलीकडं राहिलेल्या सरीतला ऊस तुमचा, असं सिंधुबाईनं स्वरालीला सांगितलं. तेवढ्या उसाचं आपण काय करणार, असं स्वराली म्हणाली.

"उकळा," सिंधुबाई म्हणाली. "खिळे हायतच तुमच्याकडं."

रेश्मा पदर तोंडाला लावून वळली. नागेशला हसावं की नाही ते कळेना.

संध्याकाळी घरी हातपाय धुताना सिंधुबाईच्या मनात आलं, की आता घंटेची जागा चौघांना ठाऊक झाली. चौघांना ठाऊक असलेली खूण ही खूण राहत नाही. मुलगा आज ओशाळला आहे, उद्या ऊस पाहून त्याचं मन पुन्हा पालटू शकतं. ती बाई खरं बोलली, पण खरं बोलायला तिनं दहा महिने लावले. महिनाअखेरपर्यंत सिंधुबाईनं वाट पाहिली. मग एकतीस तारखेच्या दुपारी, रान सुनसान असताना, ती अनवाणी बाभळीखाली गेली, घंटा काढून कमरेला खोवली आणि तिच्या जागी दुसरीच वस्तू पुरली. काय पुरलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. वरून कळशीभर पाणी ओतलं, माती दाबली, पाला पसरला.

एप्रिलच्या एक तारखेला संध्याकाळी ती भुईमुगाच्या शेंगा द्यायच्या निमित्तानं पलीकडं गेली. नवा कागद सुतळीवर लटकत होता. दगड गुडघ्याच्या उगवतीला होता, जिथं असायचा तिथंच. सिंधुबाई समाधानानं पुढं वाकली, आणि तिथंच थबकली. दगडाच्या बुडाशी थोडा पाला बाजूला उडाला होता. खालची माती भोवतालच्या मातीहून काळपट होती, आणि त्या मातीत एक पाऊल उमटलं होतं.

"अंगठाबी वाकडाच काढलाय की," ती म्हणाली.

"वाकडाच आहे, मावशी," स्वराली म्हणाली आणि शेंगा निवडायला घेतल्या.