परतीचा व्हॉल्व्ह

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. सलग चौथ्या दिवशी सिट्रल अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवरच अडलेलं दिसलं, तेव्हा प्रयोगशाळेतली मंडळी आपणहून चहाला निघून गेली.

कोल्हापूरच्या एमआयडीसीतला आमचा छोटा कारखाना गवती चहाचं तेल काढतो. त्या तेलाचा लिंबासारखा वास म्हणजे सिट्रल. ते वेगळं करायला मी हट्टानं उंच कॉलम बसवून घेतला होता. पुण्याचं गिऱ्हाईक त्याच दिवशी दुपारी चारला येणार होतं आणि त्याला पंचाण्णव टक्के हवं होतं. जमलं नाही तर कॉलम भंगारात जाईल, असं मालक धैर्यशीलदादांनी शांतपणे सांगितलं होतं. ते शांतपणे बोलले की मला जास्त भीती वाटते.

कॉलमचं काम तसं सरळ. मध्यावर तेल सोडायचं, एका टोकानं द्रावक. द्रावक सिट्रल ओढून घेतं, पण सोबत नको ते तेलही थोडं येतंच. द्रावक उडवलं की माल हाती येतो. त्यातलाच काही पुन्हा कॉलममध्ये पाठवायचा. तो चोख माल त्या आगंतुकांना हुसकावून लावतो. याला रिफ्लक्स म्हणतात, आणि नेमका त्याचाच व्हॉल्व्ह मला बंद सापडला.

बंद केला होता भाऊसोमामांनी, आमच्या ऑपरेटरनी. बावीस हंगाम गुऱ्हाळावर गूळ उतरवलेला माणूस. चार दिवस मी उघडून जात होते आणि ते मागून बंद करत होते. मी तोंडाला येईल ते बोलले. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"ताई, तयार गूळ पुन्यांदा काहिलीत कोण टाकतंय? मी असताना माल वाया जायचा न्हाय," ते म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत मात्र रुसवा विसरून त्यांनी माझा डबा पुढ्यात ठेवला. आदल्या दिवशी आईनं त्यांच्या घरी आंबोळ्या दिल्या होत्या. आता डब्यात सरुमामींनी भाजलेल्या शेंगा होत्या.

"मामा, डबा भरून का आणलात?"

"रिकामा डबा परत देत्यात व्हय कुठं?"

"मग कॉलम तुम्हाला रोज डबा भरून देतोय, त्याला रिकामा का परत करताय?"

मी सांगितलं, या शेंगा बघून आई उद्या नुसत्या आंबोळ्या देणार नाही, आणखी चांगलं काहीतरी देईल. कॉलमचंही तसंच आहे. मामा हात धुऊन थेट व्हॉल्व्हकडे गेले.

तीन वाजता नमुना तपासला. सत्त्याण्णव पूर्णांक चार! मी नाचायचीच बाकी होते. चारला गिऱ्हाईक आलं, प्रसेनजीत सर. नमुन्याचा वास घेऊन खूश झाले आणि आता पिंप दाखवा म्हणाले.

पिंप कोरडं ठणठणीत होतं. मामांनी व्हॉल्व्ह पुरा उघडून सगळाच माल परत पाठवला होता. "लई दिस उपाशी ठेवलता त्याला," ते पुटपुटले.

रागवायला तोंड उघडलं आणि मला हसूच फुटलं. सगळं परत केलं की माल उत्तम होतो, पण थेंबभरही बाहेर येत नाही. पुस्तकातलं हे वाक्य मामांना सांगायचं मीच विसरले होते. तसं मी सर्वांदेखत कबूल केलं, व्हॉल्व्ह निम्मा बंद केला आणि पाहुण्यांना चहा दिला. तासाभरात पिंपाचा तळ झाकला. सिट्रल शहाण्णवला जरासंच कमी. कॉलम राहणार, असं दादा शांतपणे म्हणाले, आणि त्या शांतपणावर मी पहिल्यांदाच जीव टाकला.

नमुन्याची बाटली घेऊन सर निघाले, तसे मामा गेटपर्यंत मागे गेले.

"पावणं, बाटली तेवढी परत पाठवा. रिकामी नको."

गुरुवारी कुरिअरनं बाटली आली. आत ऑर्डरचा कागद गुंडाळून घातला होता. मामांनी तो मला दोनदा मोठ्यानं वाचायला लावला.